विकेटकीपर पाहिजे

दिवाळीला घरी जाऊन आलो त्याला आता बरेच दिवस झाले. तेव्हाच लिहायचं होतं. पण रिलीज, मग रिलीजनंतरचे बग, मग ते बग सोडवताना झालेले नवे बग... असो. आज शनिवार आहे, रूममेट गावाला गेलाय, दुसरा चहा झालाय. टंकतो.

घर म्हणजे गोंदिया. पुण्यात कुणाला सांगितलं की ठरलेली प्रतिक्रिया येते, "अरे ते महाराष्ट्र एक्सप्रेसच्या पाटीवर असतं तेच ना?" हो, तेच. कोल्हापूरहून निघालेली गाडी जिथे संपते ते. त्यातही आमचं घर शहरात नाही, तालुक्यातल्या एका गावात आहे. धानाचं गाव. धान कापून बांध्या रिकाम्या झाल्या की एक मोठी बांधी सपाट करायची, मधे रोलर फिरवायचा आणि जानेवारीत टेनिस बॉलच्या मॅची लावायच्या, हे मी शाळेत असल्यापासून चालू आहे. मीही खेळलोय. पाचव्या-सहाव्या नंबरावर जायचो आणि लवकर परत यायचो.

आता मात्र प्रकरण बदललंय. आता आठ संघ, आठ मालक, रंगीत टी-शर्ट आणि चक्क लिलाव! हा लिलाव दिवाळीत होतो, कारण पुणे-नागपूर-हैदराबादची सगळी पोरं तेव्हा घरी असतात. मालक म्हणजे कोण? दोन राईस मिलवाले, एक कृषी केंद्रवाले, एक प्लॉटिंगवाले, उरलेले निवडणुकीला उभे राहायची इच्छा असलेले. प्रत्येकाला दहा हजार पॉइंट. खेळाडूची बेस प्राइस दोनशे. समाजमंदिरात खुर्च्या, माइक, एका पोराच्या हातात लाकडी हातोडीसुद्धा होती. (ती सुताराकडून आणली होती हे नंतर कळलं.)

भाऊबीजेच्या दुसर्‍या दिवशी सकाळी मिलवाले काका घरी आले. "बेटा, तू कंप्युटरवाला होस ना? लॅपटॉप घेऊन ये. मागच्या वर्षी हिशोबात लय भांडणं झाले."

गेलो. एक्सेलमधे शीट बनवली. नाव, गाव, काय खेळतो, बेस प्राइस, संघ, किंमत. विकला गेला की ओळ हिरवी, नाही विकला गेला की लाल. प्रोजेक्टरवर हिरवं-लाल दिसायला लागलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. हापिसात महिनोन्महिने खपून केलेल्या डॅशबोर्डला अशी दाद आजवर मिळालेली नाही. :-)

नियम असा की प्रत्येक संघाला तीन खेळाडू बाहेरचे घेता येतात. हे बाहेरचे म्हणजे नागपूर, बालाघाट, राजनांदगाव इकडून येणारे, हिवाळाभर या गावाहून त्या गावाला टेनिस बॉल खेळत फिरणारे लोक. त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात आणि मालकांना ते पाठ असतात. तर आमच्या भागाच्या संघाला विकेटकीपर पाहिजे होता आणि यादीत आमच्याच गल्लीतला एक विकेटकीपर होता. माझा चुलत भाऊ. वय अठरा, तालुक्याला बी.एस्सी. करतो. याला आपण छोटू म्हणू. लेगसाइडला चाललेला बॉल हा असा उचलतो की आपण पाहत राहावं. पण बॅटिंग म्हणाल तर एकेरी-दुहेरीवाला.

आमच्या मालकांनी सहाव्याच नावाला बालाघाटचा कीपर उचलला. अडीच हजार पॉइंट!

मी बाजूलाच बसलो होतो. हळूच म्हटलं, "काका, कीपर तर आपला आहे ना घरचा?"

"आहे ना. पन सिक्स नाही मारत ना बाप्पा तो."

छोटूचं नाव दुपारी तीनच्या सुमाराला आलं. तोवर ज्या ज्या संघाला कीपर पाहिजे होता त्याला तो मिळालेला होता. दोनशे एक... दोनशे दोन... हातोडी. आणि मग मी, त्याच्या सख्ख्या चुलत भावाने, त्याच्या नावापुढे 'अनसोल्ड' असं टाइप केलं. ओळ लाल झाली. छोटू मागच्या रांगेत मोबाइल बघत बसल्यासारखा बसला होता. मोबाइलची स्क्रीन बंद होती.

मला त्या दिवशी काकांचा राग आला होता. आता नाही. त्यांचं काय चुकलं ते शोधायला गेलो तर सापडेना, आणि म्हणूनच हा लेख.

बघा ना. पाच दिवसांची स्पर्धा. आठ षटकांच्या मॅची. पाच दिवसांनी संघ मोडणार, पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून लिलाव. अशात सहाव्या नंबरावर येऊन दोन सिक्स मारणारा कीपर घ्यायचा की हात चांगले असलेला अठरा वर्षांचा पोरगा? मी मालक असतो तर मीही बालाघाटवालाच घेतला असता. गरज त्यांनी बरोबर ओळखली होती. फक्त ती पाच दिवसांची गरज होती. 'आपल्याला काय पाहिजे' हे सगळेच मालक विचारतात, पण 'कधीपर्यंत पाहिजे' हे त्या हॉलमधे कुणी विचारत नव्हतं, आणि माझ्या मते संघ बांधण्याचा सगळा खेळ या दुसर्‍या प्रश्नात आहे.

आपल्या आयटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नकोच. कॉलेजातून निघाल्यावर पहिल्या कंपनीत (नाव नको) मी पाच महिने बेंचवर होतो. रोज सकाळी रिक्वायरमेंटची मेल यायची. अमुक तंत्र, तीन वर्षं अनुभव, सोमवारपासून पाहिजे. सोमवारपासून! माझ्याकडे तीन वर्षं सोडा, तीन आठवडे नव्हते. शेवटी एका लीडने मला घेतलं, तिला पाहिजे होतं त्यातलं मला काही म्हणजे काही येत नसताना. नंतर एकदा कॅन्टीनमधे तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "माझं प्रोजेक्ट दोन वर्षांचं आहे. तू तीन महिन्यांत शिकशील. मग उरले एकवीस." बाकीच्यांची प्रोजेक्टं तीन-चार महिन्यांची होती. त्यांनी मला नाकारलं यात त्यांचंही चुकलं नव्हतं.

आता जरा लांब जाऊ, अमेरिकेत. तिथला फुटबॉल, म्हणजे ज्यात पाय चेंडूला क्वचितच लागतो तो. आपल्याकडे लिलाव, तसा त्यांच्याकडे ड्राफ्ट. १९३५ साली फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचा एक मालक होता बर्ट बेल. संघ तळाला. कॉलेजांतून निघणारी चांगली पोरं ज्यांच्याकडे पैसा आणि नाव आहे अशाच संघांकडे जायची, त्यामुळे वरचे वर आणि खालचे खाली. बेलने सुचवलं की पोरांनी संघ निवडायचा नाही, संघांनी पाळीपाळीने पोरं निवडायची, आणि जो शेवटचा आला त्याने पहिली निवड करायची. १९३६ला पहिला ड्राफ्ट झाला. पहिली निवड अर्थातच बेलच्या ईगल्सची. त्यांनी जे बर्वँगर नावाचा त्या वर्षीचा सगळ्यात गाजलेला खेळाडू निवडला, आणि त्याचं पैशाचं जमलं नाही म्हणून तो आयुष्यात एकही व्यावसायिक सामना खेळला नाही! म्हणजे पद्धत शोधणार्‍याचाच पहिला वार फुकट. तरी पद्धत टिकली. आज ३२ संघ, ७ फेर्‍या, आणि तिकडे लोक ते टीव्हीवर तीन दिवस बघतात. तीन दिवस नुसती नावं वाचणं! आणि आपण म्हणतो कसोटी क्रिकेट कंटाळवाणं.

या ड्राफ्टमधे दरवर्षी एक जुनं भांडण असतं. आपल्या संघात जी जागा रिकामी आहे तिथला खेळाडू घ्यावा, की जागा असो-नसो, उरलेल्यांत सगळ्यात चांगला असेल तो घ्यावा? जागा बघून घेतलं आणि पस्तावले, याचं नेहमीचं उदाहरण फुटबॉलचं नाही, बास्केटबॉलचं आहे. १९८४चा एनबीएचा ड्राफ्ट. पोर्टलँडचा दुसरा नंबर. त्यांना उंच सेंटर पाहिजे होता. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर हा भारी गार्ड एका वर्षापूर्वीच आलेला होता, म्हणून आणखी एक गार्ड कशाला, असा विचार करून त्यांनी सॅम बोवी हा सेंटर घेतला. बोवी बिचारा पायाच्या दुखापतींतून कधी नीट वर आला नाही. तिसर्‍या नंबरावर शिकागोने जो गार्ड घेतला त्याचं नाव मायकेल जॉर्डन. आता हसणं सोपं आहे. पण ती पश्चातबुद्धी. त्या दिवशीची पोर्टलँडची यादी समोर ठेवली तर मला त्यात काकांचाच आवाज ऐकू येतो. गार्ड आहे ना आपल्याकडे. सेंटर नाही ना बाप्पा.

याच्या उलट गोष्ट ग्रीन बेची. २००५. त्यांच्याकडे क्वार्टरबॅक कोण, तर ब्रेट फाव्र, म्हणजे तिथला साक्षात देव. ती जागा अजिबात रिकामी नव्हती. पण चोविसावी निवड आली तेव्हा अ‍ॅरन रॉजर्स अजून शिल्लक होता. त्यांनी घेतला. घेतला आणि बसवून ठेवला, तीन वर्षं! त्या तीन वर्षांत किती लोकांनी शिव्या घातल्या असतील कल्पना करा. पण फाव्र तेव्हाच पस्तिशीचा होता. २००८ला रॉजर्स सुरुवात करायला लागला आणि २०११च्या फेब्रुवारीत ग्रीन बेने सुपर बोल जिंकला. त्यांनी गरजेकडे दुर्लक्ष केलं असं म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांनीही गरजच भरली, फक्त २००८ सालची.

एक लक्षात घ्या, हे त्यांना परवडलं कारण २००८ला आपण इथेच असू याची ग्रीन बेला खात्री होती. तो संघ १९१९पासून त्याच गावात आहे. ड्राफ्ट ही पद्धत चांगली की वाईट हे नुसत्या पद्धतीवर ठरत नाही. आपल्याकडे खर्‍या फुटबॉलचा ड्राफ्ट झालाच की. २३ जुलै २०१७, मुंबई, इंडियन सुपर लीग. बोली नाही, प्रत्येकाची किंमत आधी ठरलेली, संघांनी पाळीपाळीने नाव घ्यायचं. जमशेदपूरचा संघ अगदी नवा, त्यांनी पहिली निवड केली ती अनस एडाथोडिकाची. गोल करणारा नाही, बचावपटू! कोरी पाटी असलेल्या संघाने पाया आधी घालावा हे मला फार आवडलं होतं. त्याच टेबलांवर आपला एफसी पुणे सिटीही होता. बालेवाडीला मी त्यांची एक मॅच स्टेडियममधे जाऊन बघितली होती, नारिंगी टी-शर्ट घेऊन. २०१९ला तो क्लबच बंद झाला. टी-शर्ट अजून आहे, आता घरी झोपताना घालतो. आता मला सांगा, दोन वर्षांत दुकान उठणार असेल तर ड्राफ्टमधे उद्याचा खेळाडू कोण आणि कशाला घेईल?

बरं, बाहेरचा माणूस आणण्यालाच माझा विरोध आहे असं समजू नका. छोटूचा भाऊ म्हणून तसं वाटणं साहजिक आहे, पण मी आधी विदर्भवाला आहे, आणि विदर्भवाल्याने असं म्हणणं म्हणजे कृतघ्नपणा होईल.

विदर्भ १९५७-५८पासून रणजी खेळतो. आम्ही लहान असताना विदर्भ म्हणजे मुंबईच्या फलंदाजांनी सरासरी वाढवायची जागा. रणजीत प्रत्येक संघाला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात, त्यांना प्रोफेशनल म्हणतात. (आमच्या गावच्या लीगमधेही तीनच. कुणी कुणाचं पाहिलं कोण जाणे!) विदर्भाने वसीम जाफरला आणलं तेव्हा त्याची मुंबईकडची कारकीर्द होऊन गेली होती. कर्नाटकातून गणेश सतीश आला. २०१७-१८ला चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. आणि त्या मोसमात, इंदूरला, दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. १ जानेवारी २०१८. विजयी फटका जाफरचाच. मी तेव्हा होस्टेलच्या मेसमधे होतो. मेसवाल्याने त्या दिवशी गुलाबजाम केले, आणि तो माणूस बिहारचा होता.

पण नीट बघा. जाफर-सतीशने जागा भरल्या त्या फलंदाजीच्या मधल्या. बाकीचं घरचं होतं. मोसमात ९१२ धावा काढणारा कप्तान फैज फजल घरचा. फायनलमधे शतक मारणारा अक्षय वाडकर घरचा. उपांत्य सामन्यात कर्नाटकाला पाच धावांनी हरवताना सात विकेट आणि फायनलमधे हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी घरचा, आणि वर सिव्हिल इंजिनीअर! (आमच्यातल्या कुणीतरी डिग्रीनंतर काहीतरी बरं केलं म्हणायचं.) त्याच मोसमात खाली एकोणीस वर्षांखालच्या पोरांनीही कूचबिहार करंडक जिंकला आणि त्याच्या फायनलमधे अकोल्याच्या अथर्व तायडेने ३२० धावा केल्या. म्हणजे वरच्या मजल्यावर चाळिशीला आलेला जाफर आजची जागा भरतोय आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावर पुढच्या दहा वर्षांची भरती चालू आहे. तोच तायडे ऑक्टोबर २०२५मधे इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध १४३ करतो. विदर्भाला २०१७ साली तायडेची गरज होती का? नव्हती. २०२५ला होती.

आणि याहूनही मला आवडतो तो मार्च २०२५ला संपलेला नागपूरचा फायनल, केरळविरुद्ध. पहिल्या दिवशी विदर्भ ३ बाद २४. मी हापिसात दुसर्‍या मॉनिटरवर स्कोअर उघडून बसलो होतो आणि तो बंद करून टाकला. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ची भागीदारी केली. नायर म्हणजे कसोटीत त्रिशतक मारलेला, नंतर कर्नाटकाच्या संघातूनही बाहेर पडलेला, विदर्भाने प्रोफेशनल म्हणून घेतलेला माणूस. मालेवार २१ वर्षांचा, नागपूरचा, रणजीचा पहिलाच मोसम. नायर ८६वर धावबाद झाला, पोरगा १५३ करून गेला. दुसर्‍या डावात पुन्हा हीच जोडी, या वेळी नायर १३५ आणि पोरगा ७३. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आपला, तिसर्‍यांदा. पुढे नायर भारताच्या कसोटी संघात परतला आणि मग कर्नाटकाकडेही परत गेला. जाणारच होता, तो जागा भरायला आला होता. पण समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या पोराला त्या दोन भागीदार्‍यांत जे मिळालं असेल ते विदर्भातच राहिलं.

आता गंमत बघा. त्याच सामन्यात केरळकडून ७९ धावा कुणी केल्या? आदित्य सरवटेने. आपला, नागपूरचा सरवटे, ज्याने २०१९च्या फायनलमधे सौराष्ट्राच्या अकरा विकेट घेऊन दुसरा करंडक मिळवून दिला होता. तो तेव्हा केरळचा प्रोफेशनल होता. एकेकाळी बाहेरून माणसं आणणार्‍या विदर्भाचा माणूस दुसर्‍याची जागा भरायला गेला, आणि तरी विदर्भाकडे डावखुरा फिरकीवाला कमी पडला नाही. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम आहे.

लिलावाचंही तेच. लिलाव म्हणजे वाईट असं नाही. २०२४ला दिनेश कार्तिक निवृत्त झाला, बंगळुरूला शेवटच्या षटकांत मारणारा कीपर पाहिजे होता, त्यांनी आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माला ११ कोटींना घेतलं. २०२२ला हाच पंजाबला २० लाखांना मिळाला होता. बंगळुरू २०२५ला पहिल्यांदा जिंकले, आणि लखनौविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ मारल्या त्या रात्री मी वरच्या मजल्यावरच्या लोकांची झोपमोड केली. सिक्स मारणारा कीपर! काकांनी ऐकलं तर म्हणतील, बघ, मी काय सांगत होतो. पण जितेश तयार झाला तो कुणाच्या तरी खालच्या मजल्यावर. कुणीतरी त्याला सिक्स मारता येत नव्हते तेव्हा ठेवून घेतलं असणार.

माझ्या मनात सारखा उमेश यादव येतो. नागपूरजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतला पोरगा. वडील खाणीत. पोलिसात भरती व्हायचा प्रयत्न केला, नाही जमलं. एकोणिसाव्या वर्षापर्यंत टेनिस बॉलच. तिथून विदर्भाने त्याला उचलला आणि २०११ला तो कसोटी खेळला. विदर्भाकडून कसोटी खेळलेला पहिला माणूस! तो ज्या मैदानांवर टेनिस बॉल टाकायचा ती आमच्या बांधीपेक्षा फार वेगळी नसणार. आणि त्या मैदानांवर सगळ्या जागा बाहेरून भरलेल्या असत्या तर? गावोगावच्या लीगांत आता हेच होतंय म्हणून मला काळजी वाटते. टेनिस बॉलच्या पुढची पायरी आमच्या भागातल्या पोराला तशीही लांब. नागपूर आमच्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. ट्रायलला जायचं तर पहाटेची गाडी, किट उसनं. खालची पायरी होती ती ही बांधी. तिथेच तो पाण्याच्या बाटल्या वाहायला लागला तर वरच्या पायरीवर त्याला कोण बघणार?

तर मी आयोजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. सवयीप्रमाणे मुद्दे पाडून. इथे मुद्दे पाडत नाही, सरळ सांगतो. एक तर संघ दरवर्षी मोडू नका, निदान तीन वर्षं तेच ठेवा, आवडले त्यातले सात-आठ राखा. मग मालक आपोआप पुढच्या वर्षाचा विचार करायला लागतील, त्यांना उपदेश करायची गरज नाही. लिलाव ठेवायचा तर बाहेरच्या तिघांपुरता ठेवा, तिथे मजा आहे, माणसं बघायला येतात. गावच्या पोरांसाठी ड्राफ्ट करा. शेवटचा आलेला संघ पहिलं नाव घेईल, आणि दुसर्‍या फेरीत क्रम उलटा, म्हणजे ज्याला शेवटी मिळालं त्याला लगेच दुसरं. याची शीट मी बनवून देतो, दहा मिनिटांचं काम आहे. आणि एकोणीस वर्षांखालचा एक पोरगा अकरांत पाहिजेच. पंधरांत नाही, अकरांत.

उत्तरं आली ती वाचण्यासारखी होती. एका मालकाने विचारलं की तीन वर्षांत माझी निवडणूक होऊन जाईल, मग संघाचं काय करू? (प्रामाणिक माणूस. याला मी मत देईन.) दुसर्‍याने म्हटलं, "तू तर पुण्यात राहतेस भौ, इथे जनरेटरचा खर्च कोण देते?" हे मात्र खरं आहे आणि मला झोंबलं. पैसा त्यांचा, रोलर त्यांचा, रात्री लाइटखाली डास मारत बसणार ते. त्यांना जिंकायचं आहे आणि पाच दिवसांतच जिंकायचं आहे. मी वर्षातून दोनदा जाऊन त्यांना दहा वर्षांचं गणित शिकवणार. आमच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांतही मंडळी कधीकधी मुंबईचा एखादा टीव्हीवरचा चेहरा आणतात, पाटीवर त्याचं नाव मोठं, तिकीट खपतं, आणि त्या तिकिटावर इथल्या बाकीच्या नटांचा मोसम निघतो. बालाघाटचा कीपर बघायला चार गावं आली तर जनरेटरचा खर्च निघतो. हे मला मान्य. म्हणून तर म्हटलं, तीन आणा. बाकीच्या आठांचा लिलाव कशाला?

जानेवारीत काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसर्‍या फेरीत छोटूला एका दुसर्‍याच संघाने बेस प्राइसला घेतलं होतं, पंधरा पूर्ण करायला. पहिल्या चार मॅची बाहेर. पाचव्या मॅचला त्यांच्या कीपरचं बोट सुजलं म्हणून याला ग्लोव्ह्ज मिळाले. दोन स्टंपिंग केले म्हणे, त्यातला एक लेगसाइडचा. व्हिडिओ कुणी काढला नाही, त्यामुळे घरातल्या पाच जणांच्या पाच आवृत्त्या आहेत. बॅटिंगला गेला तो नऊ बॉलवर सहा करून आला. आमचा संघ उपांत्य फेरीत हरला. बालाघाटवाल्याने तीन सिक्स मारले आणि एक कॅच सोडला.

माझ्या त्या लांबलचक मेसेजला मिलवाल्या काकांनी शेवटी परवा उत्तर दिलं. एकोणीसखालचा एक पोरगा अकरांत, एवढं मान्य. बाकीचं पुढच्या दिवाळीत बसून पाहू म्हणाले. खाली लिहिलंय, "लॅपटॉप आनजो. आन लाल रंग नको ठेवू, पोरायले बरं नाही वाटत."